काकूंचा हात आणि तिसरा वेढा

कौतुक करणं हा माझा स्वभाव नाही. आमच्या खोलीत कौतुक करण्यासारखं फारसं घडतही नाही. सात टेबलं, सात मोठे पडदे, आणि दिवसभर त्यांवर आम्ही चिपचे नकाशे काढत बसतो: कुठली तार कुठून जाणार, कशाला कशापासून किती लांब ठेवायचं. पण खिडकीजवळच्या टेबलावर ज्या काकू बसतात, त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडता घेतला तर मलाच पाप लागेल.

काकू या कामात अडतीस वर्षं आहेत. सुरुवातीला हेच नकाशे त्या लाल फिल्मवर धारदार पात्याने कापायच्या. पातं जरा घसरलं की आठवड्याचं काम वाया. त्यामुळे हात असा बसलाय, की सरळ चौकोन आम्ही काढायचे आणि वळणावळणाचं, वेटोळ्यांचं जे असेल ते काकूंकडे द्यायचं, हा खोलीचा नियमच होऊन बसला.

तीन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं आणि काकू मागे पडू लागल्या. चिपवरचं गोल वेटोळं संगणकाला गोल म्हणून कळत नाही. हजारो बारीक कोपरे जोडून ते काढावं लागतं. आम्ही चौकोनवाले दुपारी मोकळे, आणि काकू पाच वेढ्यांच्या एकाच वेटोळ्यावर तीन-तीन दिवस. पडदा गोठला की त्या पुटपुटत पाढे म्हणत थांबायच्या. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू?

मग एका बुधवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सोमवारपासून काकूंनी जुन्या फायली तपासायच्या, नकाशे दुसऱ्यांनी काढायचे. "वय झालं की हात मंदावतोच, काकू. वाईट वाटून घेऊ नका," असं वर मलमही लावलं. काकू बाहेर आल्या आणि टेबलाशी अर्धवट राहिलेलं वेटोळं पुन्हा उघडून बसल्या. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी त्या पाढे चक्क मोठ्याने म्हणू लागल्या. मला वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं. पण शेजारच्या कागदावर त्या काहीतरी लिहून ठेवत होत्या.

"इकडे ये गं," त्यांनी मला हाक मारली. "पहिल्या वेढ्यात कोपरा टाकला की बेचा पाढाही पुरा होत नाही. दुसऱ्या वेढ्यात दहाच्या पाढ्यापर्यंत जाते. तिसऱ्यात एकोणतिसाचा संपतो तरी पडदा ढिम्म. हात म्हातारा झाला असता, तर पहिल्या वेढ्यातही दिसला असता ना?"

मला एकोणिसाचा पाढासुद्धा धड येत नाही, पण गणित कळलं. सॉफ्टवेअर चुका आपोआप तपासायचं, आणि नवा कोपरा टाकला की आधीचे सगळे कोपरे पहिल्यापासून तपासायला बसायचं. आकार जेवढा वाढेल तेवढी वाट बघायची. आमच्या चौकोनाला कोपरे चारच, म्हणून आम्हाला कधी पत्ताच लागला नाही.

काकू तडक केबिनमध्ये गेल्या, मी मागोमाग. ऐकून साहेब हसले. "काकू, नाचता येईना अंगण वाकडं!"

"मग या, साहेब. तुम्हीच चार पावलं नाचून दाखवा," काकू म्हणाल्या.

साहेब तरणेबांड, हात चपळ. ऐटीत खुर्चीवर बसले. पहिला वेढा झरझर झाला. दुसऱ्याला कपाळावर आठ्या आल्या. तिसऱ्याला पडदा असा गोठला, की त्यांनी माऊस आपटला. मग काकूंनी त्यांना उठवलं, ती आपोआप तपासणी बंद केली आणि वेटोळं काढायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीआधी पाचही वेढे पूर्ण! शेवटी तपासणी एकदाच चालवली. एक चूक निघाली नाही. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही. फायलींचा विषय साहेबांनी स्वतःहून मागे घेतला, आणि माफीही मागितली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

संध्याकाळी निघताना मी रागानेच विचारलं, "काकू, तीन वर्षं मुकाट्याने ऐकून घेतलंत. आधी का नाही बोललात?"

काकू मनगटाकडे बघत राहिल्या.

"अगं, मलाही तसंच वाटत होतं. दोन डॉक्टर झाले. आमचे हे तीन वर्षं रोज सकाळी, स्वतःच्या चहाच्याही आधी, माझ्या मनगटाला तेल चोळतात. सगळे म्हणतायत हात गेला, तर गेलाच असेल, असं धरून चालले होते मी. चांगल्या हाताला तेल चोळत बसलो गं आम्ही दोघं."