अरूला मांडीवर घेतलं तेव्हा

परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये कारकुनी करणारा अच्युत घरात बेताचंच बोलायचा. त्याचे वडील, नानासाहेब, होळकरांच्या फौजेतून निवृत्त झालेले. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या लेकराला उचलून घ्यायची त्या घरात पद्धतच नव्हती. त्यामुळे दोन वर्षांच्या अरुंधतीला, अरूला, बाप भेटायचा तो जिन्यावर. येता-जाता तो तिच्या केसांवरून हात फिरवायचा आणि पुढे व्हायचा.

साठ सालच्या थंडीत अरूला सर्दी झाली. एका संध्याकाळी तिचा खोकला एकदम कुत्र्याच्या भुंकण्यासारखा घोगरा झाला. श्वास आत घेताना घशातून शिट्टी वाजू लागली. अच्युतची बायको शारदा गळाठून गेली. तिचा धाकटा भाऊ घटसर्पाने गेला होता.

गल्लीतल्या डॉक्टर इंदुमतीबाई आल्या. त्यांनी बॅटरी धरून घसा पाहिला. घटसर्प नव्हता. सर्दीच्या विषाणूशी शरीर झुंजतंय, त्या झुंजीतच घसा आतून सुजलाय, आणि एवढ्याशा पोरीची श्वासनळी ती केवढी, असं त्यांनी समजावलं. खोलीत वाफ करायला सांगितली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली तर लगेच मोठ्या इस्पितळात न्या म्हणाल्या.

"आणि हिला रडू देऊ नका. रडली की श्वास आणखी अडकतो. कोणाकडे शांत राहते ही?"

शारदाकडे ती राहीना. आजीकडेही नाही. तिने हात पसरले ते दाराशी उभ्या असलेल्या अच्युतकडे.

अच्युतने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुढे झाला आणि पोरीला घेऊन भिंतीशी बसला. अरूने गाल त्याच्या छातीला लावला. शेगडीवरच्या पातेल्यातून वाफ येत होती. हळूहळू शिट्टी मंदावली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही. पण नानासाहेबांची नजर जाणवली तसा तो तिला खाली ठेवायला वाकला.

नानासाहेब उठले. त्यांनी लोड आणून त्याच्या पाठीशी सरकवला.

"रहने दे. उतरवू नकोस तिला," ते म्हणाले. मग हळूच बोलले, "तुला असं घेऊन बसावं असं मलाही फार वाटायचं रे."

अच्युतने लोडाला पाठ टेकली.

अरू थोड्याच दिवसांत बरी झाली. पुढे अच्युतला आणखी दोन मुलं झाली, आणि ती आजोबांच्या देखत बापाच्या मांडीवर खेळतच मोठी झाली.