पाचूबंदरचं जाडं मीठ आणि समुद्राखालचा बर्फ

आधीच सांगते, ही सहल मी मजेसाठी केली नव्हती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी पुण्यात समुद्रतळाच्या भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि माझ्या पोटात सतत दुखत होतं. पास्कल नावाच्या माणसामुळे.

पास्कल माझा वर्गमित्र. कॉलेजात शेजारच्या बाकावर, पुढे कचेरीत शेजारच्या टेबलावर. परीक्षेत पहिली मी यायचे. हे मी आजही सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. एका परदेशी खोदकामाच्या जहाजावर आमच्या कचेरीतला एक माणूस जाणार होता, तेव्हा पहिला अर्ज माझा होता. साहेबांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, बाईमाणसासाठी जहाजावर वेगळी सोय नाही. मग पास्कल गेला. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राच्या तळाखालून त्यांनी बर्फ वर काढला. साधा नव्हे. पाणी आणि मिथेन वायू थंडीत आणि दाबाखाली एकत्र गोठून झालेला बर्फ, काडी लावली तर पेटणारा. असा बर्फ समुद्राखाली असावा हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पास्कलने तो हातात धरला.

कचेरीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले, न खाऊन सांगते कोणाला?

सुट्टीवर घरी गेलेल्या पास्कलचा एक दिवस कचेरीत ट्रंककॉल आला. रविवारी घरी मिस्सा, म्हणजे फादरांची प्रार्थना, आणि जेवण आहे, तू ये, तुझ्याशी काम आहे. पुढच्या मोहिमेवर पुन्हा भारतातला एक माणूस घेणार, अशी कुणकुण मला लागली होतीच. काम म्हणजे तेच असणार. म्हणजे ज्याच्यावर मी जळत होते त्याच्याच दारात हात पसरायला जायचं होतं. रात्रभर चरफडले आणि शनिवारी सकाळी पिशवी भरली.

तेव्हाचा मार्ग लिहून ठेवते. पुण्याहून एस.टी.ने भिवंडी, तिथे गाडी बदलून कामण, चिंचोटी करत वसई गाव. तिकीट किती होतं ते विचारू नका, आठवत नाही. पण भिवंडी ते वसई या टप्प्यात माझे मणके मोजून घेता आले असते हे आठवतं. आज याच रस्त्याने जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. कामणच्या आसपास आता गोदामं झाली आहेत आणि कंटेनरच्या मागे अडकलात की पाणीसुद्धा मिळत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना भातकापणी झालेली शेतं होती आणि गाडीतल्या प्रत्येकाच्या पायाशी कसली तरी टोपली होती.

कामणला गाडीचं चाक बसलं. सगळे उतरले. टपरीवर कांदाभजी चालू होती, गरम आणि तिखट, मी दोनदा घेतली. शेजारच्या बाकड्यावर दुधाच्या किटल्या घेतलेले दोन गडी बोलत होते. त्यातला एक म्हणाला, "पाचूबंदरच्या पोऱ्याला समुद्राच्या तलाला बर्फ गावला म्हने." दुसऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. बर्फ तर कारखान्यात मिळतो, त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं. मला तो माणूस फार आवडला. पण पहिल्याने पास्कलची अशी काही तरफदारी सुरू केली की माझी भजी कडू झाली. इथे, भाताच्या शेतात, चाक बदलेपर्यंतही त्याचं नाव माझी पाठ सोडत नव्हतं.

चिंचोटीला धबधब्याची चौकशी केली तर कंडक्टर हसला. पावसाळ्यात या म्हणाला, आता नुसते दगड आहेत. (आता पावसाळ्यात जायचं असेल तर आधी बंदी आहे का ते विचारा. तिथे दर वर्षी कोणी ना कोणी बुडतं.) वसई गावाला उतरून टांगा केला. टांगेवाल्याला पत्ता सांगायची गरज पडली नाही. बर्फवाल्याकडे ना, एवढंच त्याने विचारलं.

पाचूबंदर किल्ल्याला लागून आहे. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास तुम्हाला अर्ध्या मैलावर भेटायला येतो, त्याची तयारी ठेवा. पास्कलची आई दारातच होती. अंगणात मांडव, मांडवात भाचे, भाच्या आणि निम्मं गाव. तिने मला नखशिखांत पाहिलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच ती पयला नंबर येनारी? पास्कू सांगतो नेहमी." आता या बाईवर रागवायचं कसं? माझी झोपायची सोय पलीकडच्या गल्लीत त्याच्या बहिणीकडे केली होती.

रविवारी मिस्सा झाली. फादरांनी प्रवचनात पास्कलचं नाव घेतलं, देवाने समुद्राच्या पोटात काय काय ठेवलंय वगैरे. लोक वळून वळून त्याच्याकडे बघत होते. तो खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. त्याला मिरवता येत नाही याचाही मला राग आला. मी असते तर काय मिरवलं असतं! जेवायला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव, आंबट-तिखट रश्शातलं डुकराचं इंदेल आणि पापलेटचं कालवण. मी आयुष्यात डुक्कर खाल्लं नव्हतं. त्या दिवशी खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. जळफळाटात भूक मरते असं म्हणणाऱ्याने मला पाहिलेलं नसावं.

जेवणानंतर पास्कल मला धक्क्यावर घेऊन गेला. रविवार असला तरी परगावची एक बोट आली होती, मासळीचा लिलाव नुकताच संपला होता. पास्कलचे वडील एका व्यापाऱ्याची पापलेटं भरून देत होते. फोडलेल्या बर्फाचा थर, त्यावर मुठीने जाडं मीठ, मग मासळी, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. हात सवयीने चालत होते, नजर आमच्याकडे होती. मी विचारलं, मासळी खारवताय का? ते हसले. मीठ मासळीला नव्हतं, बर्फाला होतं. मीठ पडलं की बर्फाची थंडी आणखी खाली जाते आणि माल लांब जातो, इथे सगळे असंच भरतात, मिठागरं जवळच आहेत. हे मला अर्थातच माहीत होतं. शाळेतला प्रयोग आहे. मी मान डोलावली आणि नाकाला पदर लावला.

आम्ही किल्ल्याच्या तटाच्या सावलीत बसलो. मग त्याने विचारलं, "तळातून गाळ भरलेली नळी वर आली. तू डेकवर आहेस. काय करशील?"

हा प्रश्न मला? मी घडाघडा सांगितलं. नळी घोड्यावर, म्हणजे टेकूच्या चौकटीवर, आडवी ठेवायची, पाण्याने धुवायची, वरखाली खूण करायची, मोजायची, कापायची, फोटो घ्यायचा. एकही पायरी चुकले नाही.

"आम्ही तसंच करत होतो," तो म्हणाला. पहिल्या नळ्या वर आल्या तेव्हा आतून फसफसण्याचा आवाज यायचा. उन्हात ठेवून, धुऊन, मोजून कापेपर्यंत आत नुसता पातळ चिखल. वरचा दाब गेलेला, वर ऊन आणि डेकचं कोमट पाणी. जे शोधायला आले होते तेच लोक धुऊन टाकत होते. सगळे जण पुस्तकाप्रमाणे वागत होते आणि पुस्तक लिहिणाऱ्याने असा माल कधी हाताळलेला नव्हता.

मग एक नळी वर आली, ती नेहमीपेक्षा गार लागली. पास्कल सांगत होता की त्याने विचार असा काही केलाच नाही. गार माल हातात आला की पाचूबंदरचा माणूस जे करतो ते त्याने केलं. धावत खानसाम्याकडे गेला, बर्फ फोडायला लावला, मिठाचं पोतं उचललं आणि नळी दोन्ही टोकं बंद करून पेटीत भरली, बर्फ, मीठ, बर्फ, मीठ. मोजमाप राहिलं. मोहिमेचा प्रमुख सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडला. संध्याकाळी थंड खोलीत नळी कापली तेव्हा काळ्या गाळात पांढरे खडे होते, हरभऱ्याएवढे.

"तळहातावर घेतला. प्रमुखाने काडी लावली. खाली निळी ज्योत, वर पिवळट. आणि हाताला गार पाणी."

मी समुद्राकडे बघत राहिले. तोपर्यंत मला एक मोठा आधार होता, की त्याच्या जागी मी असते तर मलाही मिळालं असतं, फक्त संधी त्याला मिळाली. आता तोही गेला. मी असते तर त्या बर्फाचा स्वच्छ धुऊन, खुणा करून, वेळेत मोजून चिखल केला असता. पहिल्या नंबराने.

"तुझं काम काय होतं ते सांग," मी जरा तुसडेपणानेच म्हटलं.

तेव्हा त्याने सांगितलं. पुढच्या मोहिमेवर प्रमुखाने त्यालाच बोलावलं होतं. त्याने नाही कळवलं आणि माझं नाव दिलं. प्रमुख माझ्या नावानिशी कचेरीला लिहिणार होता, जहाजावर बायका याआधीही गेल्या आहेत, सोयीची सबब चालणार नव्हती. आणि तो स्वतः? वडिलांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, घरची मासेमारीची बोट बंद ठेवता येत नाही. तो नोकरी सोडून घरी येणार होता.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"बोट आहे ना," तो म्हणाला.

मला जे हवं होतं ते त्याने जेवणानंतरच्या विड्यासारखं हातावर ठेवलं होतं. मी आनंदाने नाचायला हवं होतं. त्याऐवजी असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ज्यासाठी मी वर्षभर झुरत होते ते या माणसाला सहज सोडता येत होतं! मी आभार मानले. शब्द नीट निघाले नाहीत, त्याला वाटलं मी गहिवरले.

सोमवारी निघताना त्याच्या आईने फडक्यात बांधून जाडं मीठ दिलं. जहाजावर मीठ असतं, मी म्हटलं. "आसंल," ती म्हणाली, "आपलं आसूं दे." परतीच्या गाडीत ती पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले. कामणला गाडी थांबली, भजी घेतली नाहीत.

पुढे मी गेले. एकदा सोडून दोनदा. साहेबांनी निरोपाला चहा पाजला. प्रत्येक गार नळी मी धुवायच्या आधी बर्फात घातली, वर मीठ मारलं, पुरचुंडीतलं चिमूटभर आधी. नव्या पोरांना शिकवलं. थंड खोलीत श्वास रोखून नळ्या कापल्या. गाळ, राख, शंखांचा चुरा, आणखी गाळ. पांढरा खडा माझ्या नळीत एकदाही आला नाही.

आता मी निवृत्त आहे, पुण्यातच असते. मीठ ओल धरून केव्हाच विरघळलं, फडकं आहे. हे लिहायला बसण्याआधी पास्कलला फोन केला, म्हटलं तपशील पक्के करून घ्यावेत. त्याची बोट आता मुलगा चालवतो. घोळ मासा किती मोठा मिळाला होता ते त्याने रंगवून रंगवून सांगितलं. मग मी ज्योतीचं विचारलं.

"पिवळी होती ना ग?" तो म्हणाला. "की निळी? आता नाही बाई आठवत."

खाली निळी, वर पिवळट. मी त्याला सांगितलं.