आंबटाची पारख

"थांबा पेपरवाले, आधी माही जीभ," असं म्हणून तो म्हातारा माझ्या हातातला पेला काढून घ्यायचा. शिंदीचा, म्हणजे त्या झाडाच्या आंबलेल्या रसाचा, एक घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकायचा. मग निकाल. "आंबट दोन जातीचं असते. एक झाडाचं, एक आळसाचं. हे झाडाचं हाय. प्या."

छप्पन सालानंतरची ती वर्षं. झरी भागातल्या आठवडी बाजारात मी यवतमाळच्या एका साप्ताहिकासाठी भाव टिपायला जात असे. कुणी नेमलेलं नसतं, पण ज्याचा शब्द सगळे मानतात, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. झाड ओढ्याकाठचं की माळावरचं, हे तो एका घोटात सांगे. मडकं नीट धुतलेलं नसेल, तर ते कडुलिंबाखाली सर्वांसमक्ष पालथं होई. मग त्याचा मालक त्या हंगामात पुन्हा बाजारात बसत नसे.

"बुढ्या, पेत नाईस त तुले काय कयते बे?" एकाने चिडवलं.

"पेनाऱ्यायले काय कयते, ते सांग पयले."

त्याच्या एकुलत्या एका मुलाने पहिल्यांदा स्वतःचं मडकं बाजारात आणलं, तेव्हा मी हजर होतो. म्हाताऱ्याने घोट घेतला, थुंकला.

"आळसाचं."

"बाबा, तीन डाव धुतलं. उनात वायवलं."

"माहा पोरगा हायेस म्हनून सूट नाई."

त्याने स्वतःच्या हाताने मडकं पालथं केलं. लोकांनी वाहवा केली. मीही केली.

चार दिवसांपासून म्हाताऱ्याला हिवताप होता. सरकारी माणसाने दिलेल्या कोयनेलच्या कडूजहर गोळ्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला विहिरीचं पाणीही त्या मडक्यातल्या शिंदीसारखंच लागलं. तेव्हा त्याला कळलं, की खोट जिभेची होती. सांगायला तो घरात वळला. मुलगा पहाटेच पैनगंगा ओलांडून निघून गेला होता.

त्यानंतर तो नदीपलीकडचे बाजार फिरू लागला. प्रत्येक दुकानात एक घोट. पोराच्या हातची शिंदी कुठेही ओळखेन, अशी त्याची खात्री होती.

"लागला का पत्ता?" मी विचारी.

"जीभ सुधरली जी. पोरगा नाई भेटला."

तिसऱ्या उन्हाळ्यात तिकडच्याच एका बाजारात, बसल्या जागी तो गेला.

पुढच्या हंगामात मुलगा आला. काखेत मडकं होतं. बाप कुठे दिसत नाही, म्हणून त्याने मला विचारलं. मी सांगितलं. मडकं चांगलं होतं, हे बापाला कळलं होतं आणि तो तुला शोधत होता, हेही सांगितलं.

"कधी कयलं त्याले?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी."

तो खाली बसला. "मी एक दिस थांबलो असतो, त..."

गिऱ्हाइकं आली, पण त्याने कुणालाही घोट दिला नाही. बाजार उठला, तरी त्याचा हात मडक्याच्या तोंडावरच होता.