अंदमानात वल्हवलेली होडी

पावसच्या आनंदीबाईंच्या घरातलं कुणी समुद्रात पाय घालत नसे. त्यांचा धाकटा मुलगा अनंता कॉलेजात असताना आरे-वाऱ्याला पोहायला गेला तो बुडालाच. थोरले अण्णा तेव्हा किनाऱ्यावर उभे होते. पुढे अण्णांशी लग्न होऊन मालिनी या घरात आली. रत्नागिरीच्या शाळेत ती शिकवायची, पण मुलांच्या सहलीसुद्धा तिने कधी किनाऱ्यावर नेल्या नाहीत.

२००६च्या दिवाळीच्या सुट्टीत दोघं अंदमानला गेली. हॉटेलात सहलींचा फलक होता. काचेच्या तळाची बोट होती, शिवाय वाटाड्याबरोबर कांदळवनातून स्वतः वल्हवायच्या लहान होड्या होत्या. मालिनीने मॅनेजरला हळूच विचारलं, "पोहता येत नसेल तर?"

"जॅकेट देतो. वाटाड्या सतत जवळ असतो. पाणीही उथळ आहे."

अण्णा दुपारचे आडवे झाले होते. "जरा बाजारात जाऊन येते," असं सांगून ती निघाली.

सुरुवातीला वल्हं मारलं की होडी भलतीकडेच वळत होती. मग होडी तिचं ऐकू लागली. खाली तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. ती मोठ्याने हसली आणि हसता हसता तिला घरच्या भिंतीवरचा अनंताचा फोटो आठवला. वाटाड्याने विचारलं, "परत फिरायचं?" ती म्हणाली, "अजून थोडं पुढे जाऊ."

खोटं बोलण्यापेक्षा हे उत्तरच तिला नंतर जास्त टोचत राहिलं.

ती परतली तेव्हा अण्णा व्हरांड्यात बसले होते. "मिळालं काही बाजारात?"

"नाही."

दोघं पावसला परतली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याजवळ बसून तिने सगळं सांगून टाकलं. आनंदीबाईंचा हात सुपात थांबला.

"तळ दिसत होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आपल्याकडे नाही दिसत." त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. "मला काय सांगत्येस? अण्णाला सांग."

संध्याकाळी तिने अण्णांना सांगितलं.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तुझे कपडे ओले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? इतक्या आनंदात तुला मी कधी पाहिली नव्हती."

एवढं बोलून ते उठले आणि बागेत कलमांना पाणी घालायला गेले. मालिनी ओटीवर बसून राहिली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिला पुन्हा एकदा तशा होडीत बसायचं होतं. हे मात्र ती त्यांना कधीच सांगू शकली नाही.