‘खाली’चं तिसरं वाक्य

दर रविवारी सकाळी इकडे हिंदी मुलखात, चेरीतालच्या आमच्या घरी सात-आठ मुलं मराठी शिकायला येतात. घरी ती मराठी ऐकतात, उत्तरं मात्र हिंदीत देतात. मी कार्डावर एकच शब्द लिहिते आणि त्याच्याखाली तीन वाक्यं. पहिलं चिमुकल्यांसाठी, दुसरं जरा मोठ्यांसाठी, तिसरं सरावलेल्यांसाठी. मराठीत हिंदी मिसळलेली मला अजिबात खपत नाही. यावर माझे यजमान मिशीत हसतात. मी तिकडे लक्ष देत नाही.

त्या रविवारी शब्द होता ‘खाली’. ‘मांजर खाली बसलं.’ ‘चेंडू जिन्यावरून खाली गेला.’ तिसरं वाक्य मुलांनी स्वतः करायचं होतं. नऊ वर्षांच्या एका मुलीने लिहिलं, ‘माझी काकू कधीच खाली नसते.’

तिच्या काकाचं महिन्यापूर्वीच लग्न झालं होतं. नवी काकू अमरावतीकडची, वरच्या मजल्यावर राहणारी. वाक्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. मी खूश होऊन भलीमोठी बरोबरची खूण केली आणि सहज विचारलं, “काहून गं? जिना उतरायचा त्रास आहे का तिला?”

मुलीचा चेहरा पडला. “नाही मावशी. तिला मी आवडतच नाही. शाळेतून आली की मी रोज जिन्यापाशी उभी राहून विचारते, काकू, तुम्ही खाली आहात का? ती नाही म्हणते. मग मी चालली जाते.”

“नुसतं नाही म्हणते?”

“म्हणते, नाही, वर आहे.”

मी कपाळाला हात लावला. पोरगी हिंदीतलं ‘खाली’ विचारत होती, म्हणजे मोकळी, रिकामी. काकू बिचारी मराठीतल्या ‘खाली’चं उत्तर देत होती. महिनाभर पोरगी मनातून झुरत होती आणि तिच्या त्या दुःखाला मी बरोबरची खूण देऊन बसले होते. मला फार वाईट वाटलं.

मग ‘काकू, तुम्हाला वेळ आहे का?’ हे वाक्य मी तिच्याकडून दहादा म्हणवून घेतलं आणि सगळा घोळ काकूला सांगायला बजावलं. तेवढ्यात आतून यजमानांचा आवाज आला, “अच्छा? आणि काल फोनवर ‘दुपारी मी खालीच आहे, या’ असं कोण सांगून राहिलं होतं?” मुलं खिदळली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पुढच्या रविवारी मुलगी दोन घट्ट वेण्या घालून आली. वेण्या काकूने घातल्या होत्या, हे तिने दारातच सांगून टाकलं.

“मग, विचारलंस का वेळ आहे का म्हणून?”

“एकदाच विचारलं. आता मला विचारावंच नाही लागत. मी शाळेतून आली की काकूच वरून आवाज देते, मी खाली आहे, वर ये.”

मी ते कार्ड शोधून काढलं आणि तिसऱ्या वाक्याच्या जागी पेनाने लिहिलं, ‘मी खाली आहे, वर ये.’ यावेळी खूण करायचं मात्र मी तिच्यावर सोपवलं.