बोटभर तोकडा पाईप

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागं कृष्णातचं पत्र्याचं दुकान होतं. काम एकच, गाड्यांचे ब्रेक पाईप बनवणं. नळी कापायची, नट ओवायचा, मग टोक पकडीत धरून फुलवायचं. आधी नट, मग फुलवणं. टोक एकदा फुललं की त्यावरून नट जात नाही, हे कृष्णातनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

पण चौऱ्याण्णवच्या त्या दुपारी गडी नेमका तेच विसरला! समोर गाववाला शिवराम बसलेला, टेम्पो ड्रायव्हर, आपल्या टेम्पोचा पाईप करून घ्यायला आलेला. गावच्या जत्रेच्या गप्पा रंगलेल्या. दोन्ही टोकं फुलली आणि एक नट आपला बाकड्यावरच. कृष्णातनं जीभ चावली, गुपचूप एक टोक कापलं, नट घालून पुन्हा फुलवलं. पाईप बोटभर तोकडा झाला. नवा करायला अर्धा तास लागला असता, अन् चूक कबूल करावी लागली असती. त्यानं तोच ताणून बसवला आणि म्हणाला, "जा बिनघोर."

खंबाटकी घाटाच्या उतारावर ब्रेक गेले. शिवरामनं टेम्पो डोंगराला घासून थांबवला. जीव वाचला, उजवा पाय गेला. टेम्पोच्या मालकानं त्यालाच गाफील ठरवून कामावरून काढलं. आठवड्यानं एक मेकॅनिक त्याच टेम्पोचा तुटका पाईप घेऊन कृष्णातकडेच आला, नवा करायला नमुना म्हणून! ताणलेल्या टोकाशीच तडा होता. कृष्णातनं आपला तोकडा पाईप ओळखला. मग तो दवाखान्यात सांगायलाच गेला, पण शिवरामची बायको गोजरा रडताना दिसली आणि तो दारातूनच परत फिरला.

पुढं शिवरामनं समोरच चहाची टपरी टाकली. आल्यागेल्या ड्रायव्हरला सांगायचा, "पाईप आमच्या कृष्णातच्याच हातचा घ्या." ते ऐकून टपरीवरनं आलेला चहा कृष्णात अर्धाच पिऊन ओतून द्यायचा.

अठ्ठ्याण्णवात एकदाचं त्यानं सगळं ओकून टाकलं. शिवरामनं हातातली किटली खाली ठेवली.

"पायाचं जाऊ दे रं," तो म्हणाला. "समदी मला गाफील म्हनली. गोजरा पन. मलाबी तेच खरं वाटलं. चार वर्सं सोताला शिव्या घालतोय लेका मी. येवढं तरी सांगायचं हुतंस."

त्या दिवसानंतर टपरीवरनं त्याच्याकडं चहा आला नाही. ड्रायव्हर मात्र येत राहिले, शिवरामनंच पाठवलेले.