बांध सांगणारे नाना

राहनाळच्या शिवारात कुणाचा बांध कुठून कुठे जातो, हे माझे सासरे, नाना, डोळे मिटून सांगायचे. आमच्याकडे मोजणीचे दगड कधी नांगराने उखडले जात, कधी कुणी मुद्दाम हलवत. मग लोक नानांकडे येत. नाना ओटीवर बसून सांगत, आणि तंटा मिटे. सत्तर सालानंतर भिवंडीकडून लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड गावापर्यंत सरकत आल्या, वीतभर जमिनीलाही मोल आलं, तशी ही वर्दळ वाढली.

त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. डोकं शाबूत राहावं म्हणून त्यांचे स्वतःचे नेम होते. सकाळी भाकरी खाल्ली की काठी घेऊन शिवाराला फेरी, आणि चालताना प्रत्येक शेताचं नाव मोठ्याने घ्यायचं. उन्हातून कशाला जाता म्हटलं की कुडात खोचलेला विळा दाखवून म्हणत, "इला वापरला न्हाय तं गंजतो. डोक्याचा पन तसाच हाय."

दुसरा नेम शिकण्याचा. मी लग्नाआधी सातवी झाले होते, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे. भांडी घासून माझी पाठ मोडलेली असायची, तेव्हा ते नातीची पाटी घेऊन समोर बसत. "नवीन शिकला न्हाय तं जुना पन गलतं," म्हणत. वर्षभरात ते स्वतःचं नाव लिहू लागले. चहाच्या टपरीवर लूमवाल्या भय्यांशी बोलून रोज एक हिंदी शब्द आणत. एकदा येऊन म्हणाले, "सूनबाय, आज 'तकलीफ' शिकलो." मी चुलीतला धूर डोळ्यांतून पुसत म्हटलं, "नाना, तो मला येतो."

तरीही विसर पडू लागला. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. माझे यजमान शिफ्टवरून येऊन झोपत. त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसायचं, पण बोलायची हिंमत नव्हती.

एका दुपारी गावातला दत्तू आला. त्याला शेताची एक पट्टी शेडवाल्याला विकायची होती. शेजारचं शेत त्याच्या विधवा भावजयीचं, पार्वतीचं. विहीर कुणाच्या हद्दीत, एवढाच प्रश्न होता. नाना लगेच म्हणाले, "चिंचेच्या खुंटावरनं बांध. इहीर तुजी." दत्तू खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी नाना फेरीवरून लवकर परतले. त्या दिवशी धड जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाले, "थकलोय, दुसरा काय न्हाय."

तिसऱ्या दिवशी देवळासमोर माणसं जमली. पार्वती दोन पोरींना घेऊन कडेला उभी होती. त्या विहिरीवरच तिचा भाजीचा मळा होता. दत्तूने नानांना पुढे केलं. नाना काठीवर भार देऊन उभे राहिले.

"मी परवा चिंच सांगितली. ती चिंच या शेतात नवतीच, खालच्या शेतात व्हती. या बांधाचा मना आता आठवत न्हाय. माज्या शब्दावर कुनाची जमीन देव नका. मोजनी आना."

"नाना, तुमी इसरलात?" कुणीतरी विचारलं. विचारणाऱ्यालाच ते खरं वाटत नव्हतं.

"हो. इसरलो."

दत्तू चिडून निघून गेला. मी नानांचा हात धरून त्यांना घरी आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "गप राहलो असतो तं कुनाला कललं नसतं."

काही महिन्यांनी सरकारी मोजणी झाली. विहीर पार्वतीची निघाली. त्या दिवशी तिने आमच्या ओटीवर वांग्यांची टोपली आणून ठेवली, पण ती कशाबद्दल हे तोवर नानांना आठवत नव्हतं. बांध विचारायला मग कुणी आलं नाही.

पुढची दोन वर्षं माझी दमछाक झाली. ते फेरीला निघत आणि वाट चुकत. मी हातातलं काम टाकून कधी वळ गावच्या रस्त्यावर, कधी टेमघरपर्यंत शोधत जाई. शेतांची नावं गेली, मग माझंही नाव गेलं. रोज दुपारी ते पाहुणीला विचारावं तसं मला विचारत, "बाय, तुजा म्हायेर कंचा?"

"वाशिंद," मी सांगायची. एकदा मी फार थकले होते, तेव्हा तुटकपणे बोलले, "कालच सांगितलं ना, नाना."

त्यांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "मंग आज पन सांग. आयकाया बरा वाटतं."

त्या दिवशी मी त्यांच्याजवळ खाली बसले. वाशिंदची नदी, आईचा परसातला भोपळ्याचा वेल, धाकटा भाऊ, सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या घरात ते मी पहिल्यांदाच बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. नदीत कुठे डोह आहे, वेल कुठल्या कुडावर चढला होता, मलाही एकेक आठवत गेलं.

भाद्रपदात नाना गेले. त्यानंतर माझं माहेर मला कुणी विचारलं नाही.